अक्षय ऊर्जा : जगाची गरज आणि आपला हिशेब

मोटेच्या काळी विहिरीतील पाणी बैलांच्या बळावर वर येई, धान्य जात्यावर हाताने दळले जाई आणि चुलीत रानातील सरपण जळे. ऊर्जा हा शब्द त्या काळी कोणाच्या तोंडी नव्हता. परंतु बैलाची वैरण, माणसाची भाकरी आणि झाडाचे लाकूड ही तिन्ही सूर्याचीच देणगी होती. पुढे दगडी कोळसा आला, खनिज तेल आले, विजेच्या तारा आल्या. मोटेच्या जागी पंप बसला आणि जात्याच्या जागी पिठाची गिरणी आली. माणसाचे कष्ट हलके झाले, यात शंका नाही. मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा व सूक्ष्म जीवांचा जो साठा पृथ्वीच्या पोटात होता, त्यावर सारे जग विसंबून राहिले. साठा उपसला की कमी होतो आणि जाळला की त्याचा वायू हवेत साचतो. या दोन्ही गोष्टींची जाणीव जगास उशिरा झाली.

आज सूर्य, वारा, वाहते पाणी, शेतातील काडीकचरा आणि भूगर्भातील उष्णता यांच्याकडे जग पुन्हा वळले आहे. यांवर जगाची सर्व गरज भागेल काय, असा प्रश्न शाळेतील विद्यार्थ्यापासून ग्रामपंचायतीच्या सदस्यापर्यंत सर्वजण विचारतात. या पाठाचा विषय हाच प्रश्न होय. उत्तर थोडक्यात असे की, स्रोताचा तुटवडा मुळीच नाही. तुटवडा आहे तो व्यवस्थेचा. ऊर्जा ज्या वेळी हवी त्या वेळी मिळणे, ती मिळविण्यासाठी लागणारी जागा न्यायाने मिळणे आणि मिळालेली ऊर्जा काटकसरीने वापरणे, या तीन गोष्टींवर अक्षय ऊर्जेचे भवितव्य अवलंबून आहे.

अक्षय म्हणजे काय?

जो स्रोत वापरला तरी निसर्गक्रमाने पुन्हा भरून निघतो, त्यास अक्षय किंवा नवीकरणीय स्रोत म्हणतात. सूर्यप्रकाश रोज येतो. उन्हाने जमीन व समुद्र कमीअधिक तापतात म्हणून वारा वाहतो. समुद्राच्या पाण्याची वाफ होऊन पाऊस पडतो म्हणून धरणे भरतात. उसाचे चिपाड आणि गुरांचे शेण दरवर्षी नव्याने मिळते. भूगर्भातील उष्णता आणि भरती-ओहोटी सोडली, तर यांतील बहुतेक सर्व स्रोतांच्या मुळाशी सूर्यच आहे.

हा सूर्य किती देतो? सारे जग एका वर्षात जेवढी ऊर्जा वापरते, तेवढी ऊर्जा सुमारे दोन तासांच्या सूर्यप्रकाशातून पृथ्वीच्या पृष्ठभागास मिळते. म्हणजे धान्याची रास अंगणात पडली आहे. प्रश्न आहे तो ती मोजून कणगीत भरण्याचा.

पन्नास वर्षांची वाटचाल

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाच्या पुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच तेलाचे दर सुमारे चौपट झाले. त्या धक्क्यानंतर अनेक राष्ट्रांनी दुसऱ्या स्रोतांचा शोध गांभीर्याने सुरू केला. १९८१ च्या ऑगस्ट महिन्यात केनियाची राजधानी नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांनी नव्या व नवीकरणीय ऊर्जास्रोतांविषयी परिषद भरविली. त्याच वर्षी भारत सरकारने अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला आणि १९८२ साली अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. पुढे १९९२ साली त्याचे मंत्रालय झाले.

त्या काळी सौरघट ही फार महाग वस्तू होती. सूर्यप्रकाशापासून थेट वीज देणारा सिलिकॉनचा उपयुक्त घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जाच विजेत उतरत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेल २० टक्क्यांहून अधिक ऊर्जा विजेत उतरवितात. त्याहून महत्त्वाची गोष्ट किमतीची आहे. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. मध्य प्रदेशातील रेवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी २०१७ साली बोली लागली, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. या प्रकल्पाची काही वीज दिल्लीच्या मेट्रो रेल्वेस जाते. केवळ अनुदानावर चालणारा हा प्रयोग आहे, असे आता कोणास म्हणता येणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये दुबई येथे भरलेल्या हवामान परिषदेत राष्ट्रांनी असे मान्य केले की, २०३० पर्यंत जगातील अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करावी आणि ऊर्जेच्या काटकसरीतील सुधारणेचा वेग दुप्पट करावा. या ठरावातील दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. पण त्याची चर्चा कमी होते.

वाट्याचे गणित

अक्षय ऊर्जेविषयी वाचताना एक चूक सर्रास होते. ऊर्जा आणि वीज हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. २०२४ साली जगातील एकूण विजेपैकी सुमारे ३२ टक्के वीज अक्षय स्रोतांपासून मिळाली. त्यात जलविद्युत सुमारे १४ टक्के, पवन ८ टक्के आणि सौर ७ टक्के होती. हे आकडे उत्साहवर्धक आहेत. परंतु माणूस जी ऊर्जा प्रत्यक्ष वापरतो, तिच्यात विजेचा वाटा सुमारे पंचमांशच आहे. उरलेल्या चार भागांत मोटारी, जहाजे व विमाने यांचे तेल, कारखान्यांच्या भट्ट्यांची उष्णता, घरे उबदार ठेवण्याचा वायू आणि चुलीतील इंधन येते. म्हणूनच विजेत एवढी प्रगती होऊनही जगाच्या मूळ ऊर्जापुरवठ्यापैकी सुमारे चार-पंचमांश भाग अद्याप कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांच्याकडूनच येतो.

यावरून पुढील कामाची दिशा समजते. एका बाजूने वीज अक्षय स्रोतांपासून निर्माण करावयाची आणि दुसऱ्या बाजूने आज तेलावर व कोळशावर चालणारी कामे शक्य तितकी विजेवर आणावयाची. विजेवर चालणारी बस, विजेवर धावणारी रेल्वे आणि विजेची शेगडी ही त्याचीच उदाहरणे होत.

त्याच वेळी जगातील दोनशे कोटींहून अधिक लोकांना अजून स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करता येत नाही, हेही विसरता कामा नये. चुलीच्या धुरात बसणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ऊर्जेचा प्रश्न टक्केवारीचा नाही. तो तिच्या डोळ्यांचा आणि छातीचा आहे.

मेगावॅट आणि युनिट

दुसरी चूक मोजमापाची आहे. किलोवॅट हे यंत्राच्या ताकदीचे माप आहे आणि युनिट हे त्या यंत्राने केलेल्या कामाचे. एक किलोवॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते. बैल किती जोमाचा आहे ही एक गोष्ट, आणि त्याने दिवसभरात किती नांगरले ही दुसरी.

आपल्या देशात एक किलोवॅटचा सौर संच सरासरीने रोज सुमारे ४ युनिटे देतो, कारण रात्री ऊन नसते आणि सकाळ-संध्याकाळ ते मंद असते. कोळशावर चालणारा एक किलोवॅट रोज सुमारे १६ युनिटे देऊ शकतो. समजा, एका गावासाठी १० किलोवॅट कोळशाचे आणि १० किलोवॅट सौर संच उभारले. ताकद निम्मी-निम्मी झाली. परंतु युनिटे मोजली तर कोळशाची १६० आणि सौर ४०, म्हणजे सौर वाटा केवळ पंचमांश होतो.

हे गणित राष्ट्रासही लागू पडते. जून २०२५ अखेर भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य स्रोतांची झाली. यात अणुऊर्जाही धरलेली आहे. हे उद्दिष्ट २०३० साठी ठरले होते, ते पाच वर्षे आधी गाठले गेले. ही मोठीच कामगिरी होय. तरीही प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांच्या वर वीज अजून कोळशापासूनच येते. दोन्ही विधाने खरी आहेत आणि त्यांत विरोध नाही. जो वाचक मेगावॅट आणि युनिट यांतील भेद जाणतो, त्याची कोणत्याही आकड्याने फसगत होणार नाही.

वेळेचा प्रश्न

सौर विजेचा भर दुपारी असतो. घरातील मागणी मात्र दिवेलागणीला वाढते. दिवे, पंखे, दूरदर्शन संच आणि मिक्सर एकाच वेळी चालू होतात, आणि नेमका तेव्हाच सूर्य मावळलेला असतो. म्हणून जगभरातील अभियंत्यांपुढे आज वीज निर्माण करण्याहून ती संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्याचा प्रश्न अधिक कठीण झाला आहे. त्यावर मुख्यतः तीन उपाय आहेत.

पहिला उपाय पाण्याचा. वीज मुबलक असते तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवावयाचे, आणि वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवावयाचे. सह्याद्रीत अशी सोय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर येथे वरचा जलाशय असून घाटाखाली ठाणे जिल्ह्यात खालचा जलाशय आहे. हा प्रकल्प २५० मेगावॅटचा आहे. या व्यवहारात घातलेल्या १०० युनिटांपैकी ७५ ते ८० युनिटे परत मिळतात. घट होते हे खरे. पण पेवात ठेवलेल्या धान्यातही थोडी घट येतेच, म्हणून शेतकरी साठा करावयाचे सोडीत नाही.

दुसरा उपाय विद्युत्घटांचा, म्हणजे बॅटरीचा. गुजरातमधील मोढेरा हे सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये सौर ग्राम म्हणून जाहीर झाले. तेथे ६ मेगावॅटचा सौर प्रकल्प, घरांच्या छपरांवर एक हजाराहून अधिक लहान संच आणि १५,००० युनिटे साठविणारी बॅटरी आहे. दिवसा पॅनेल आणि रात्री बॅटरी अशी ही व्यवस्था आहे. बॅटरीचे दर उतरत आहेत. परंतु काही तासांची साठवण तिला परवडते, आठवड्याची किंवा पावसाळ्याची नव्हे.

तिसरा उपाय तारांचा. एका प्रदेशात ढग असतात तेव्हा दुसऱ्या प्रदेशात ऊन असते. एका किनाऱ्यावर वारा पडतो तेव्हा दुसऱ्या पठारावर तो वाहतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर व सोलापूर यांना जोडणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे विद्युत्‌जाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एकरूप झाले. त्या दिवसापासून देशातील वीज एकाच तालावर वाहू लागली.

तारांचे महत्त्व डेन्मार्कच्या उदाहरणाने पटते. १९७३ पूर्वी हा लहानसा देश आपल्या ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के गरज परदेशी तेलावर भागवीत होता. आज त्याच्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. वारा पडला की काय होते? डेन्मार्क व नॉर्वे समुद्रातून टाकलेल्या तारांनी १९७० च्या दशकापासूनच जोडले गेले आहेत. वारा जोरात असतो तेव्हा डेन्मार्कची वीज नॉर्वेकडे जाते आणि तेथील धरणांतील पाणी वाचते. वारा थांबतो तेव्हा त्याच धरणांची वीज डेन्मार्ककडे येते. शेजाऱ्याचे धरण ही डेन्मार्कची बॅटरी झाली आहे. केनियाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे भूगर्भातील वाफेवर वीज तयार होते आणि देशाच्या विजेत तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. ती रात्रंदिवस मिळते, म्हणून तेथे साठवणीची चिंता कमी. यावरून असे दिसते की, कोणत्याही देशाने दुसऱ्याची नक्कल करून भागत नाही. आपल्या भूमीत काय आहे हे पाहूनच योजना आखावी लागते.

जमिनीचा प्रश्न

कोळशाची खाण जमिनीखाली खोल जाते. सूर्य मात्र पसरलेला आहे, म्हणून तो गोळा करण्यास पसरलेली जागा लागते. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पास चार ते पाच एकर जमीन हवी असते. येथे प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही, तो न्यायाचा होतो.

हा प्रश्न मराठी भाषकांना नवा नाही. १९१५ साली टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाने मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. त्यानंतर मुळशी येथे धरण बांधावयाचे ठरले. त्यात मावळातील शेतकऱ्यांची घरे व भातखाचरे बुडणार होती. १९२१ साली त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. सत्याग्रह मोडला गेला, धरण झाले आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. ती वीज अक्षय होती, धूर नसलेली होती. परंतु ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्यांना ती मिळाली नाही. स्रोत स्वच्छ असला म्हणजे व्यवहारही स्वच्छ होतो असे नाही, हा धडा शंभर वर्षांपूर्वीच शिकावयास मिळाला होता.

नव्या प्रकल्पांत काही निराळे मार्ग काढण्यात आले आहेत. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. हा तालुका अवर्षणग्रस्त आहे. तेथे जमीन विकत न घेता भाड्याने घेण्यात आली. एकरी दरसाल २१,००० रुपये भाडे ठरले आणि ठरावीक काळाने त्यात वाढ करण्याची अटही घालण्यात आली. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. ही पद्धत सक्तीच्या संपादनाहून निश्चितच बरी. तथापि तिचीही मर्यादा ध्यानात घ्यावी. भाडे सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर ज्याचे नाव आहे त्यास मिळते. त्या शेतात मजुरीने राबणाऱ्यास किंवा त्या माळावर शेळ्या चारणाऱ्यास ते मिळत नाही. पवनचक्क्यांच्या बाबतीतही हाच विचार करावयास हवा.

जमीन वाचविण्याचेही मार्ग आहेत. वडोदरा येथे नर्मदा कालव्याच्या शाखेवर १० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यात आला आणि जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की मून यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पॅनेल कालव्यावरच असल्याने वेगळी जमीन लागत नाही आणि सावलीमुळे पाण्याची वाफही कमी होते. घरांची छपरे, शाळांच्या गच्च्या, बाजार समित्यांची गोदामे ही तर तयार जागाच आहे.

सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण मालकीचे आहे. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची एकूण क्षमता ४० मेगावॅट असून त्यांतील निम्म्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या झाल्या. या संस्थेचे आठ हजारांहून अधिक सभासद झाले. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या त्या पवनचक्क्या लोकांस आपल्या वाटल्या, कारण त्या खरोखरीच त्यांच्या होत्या. सहकारी साखर कारखाने उभारणाऱ्या आपल्या समाजास ही कल्पना अपरिचित वाटू नये. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज निर्माण करून उरलेली वीज विकतही आहेत. गाळपाच्या हंगामात ही वीज दिवसरात्र मिळते, ही तिची मोठी जमेची बाजू होय.

जेथे वीज पुरी पडत नाही

काही कामे अशी आहेत की ती नुसत्या विजेने होत नाहीत. खनिज लोखंडातील प्राणवायू काढून टाकण्यासाठी भट्टीत कोळशाचा कोक लागतो. सिमेंट करताना चुनखडी तापवावी लागते आणि तापताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधन कोणतेही वापरले तरी तो टळत नाही. समुद्रावरील जहाजे आणि दूरची विमाने यांना बॅटरीचे ओझे पेलत नाही. अशा ठिकाणी पाण्याचे विजेने पृथक्करण करून मिळविलेला हायड्रोजन उपयोगी पडेल, अशी अपेक्षा आहे. लोखंडाच्या भट्टीत तो कोकची जागा घेऊ शकतो. भारताने जानेवारी २०२३ मध्ये याविषयीची राष्ट्रीय योजना मंजूर केली असून २०३० पर्यंत दरसाल ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हा हायड्रोजन अद्याप महाग आहे. म्हणून तो जेथे दुसरा इलाज नाही तेथेच आधी वापरणे शहाणपणाचे ठरेल.

स्वयंपाकासाठी मात्र फार दूर पाहण्याची गरज नाही. गोबर वायूचे तंत्र आपल्या देशात जुने आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला, १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजना चालली आणि १९८४ साली विटांच्या घुमटाचा स्वस्त 'दीनबंधू' संच पुढे आला. शेणाचा वायू घेतल्यावर उरणारी मळी उत्तम खत असते. म्हणजे एकाच शेणाचे दोन उपयोग होतात. तरीही अनेक गावांत हे संच बंद पडलेले दिसतात. कारण तंत्राचे नसून देखभालीचे आहे. रोज शेण व पाणी कालवून घालणारा माणूस आणि गळती काढणारा गवंडी नसेल, तर उत्तम संचही निरुपयोगी ठरतो. हेच तंत्र मोठ्या प्रमाणावर नगरात कसे चालते, हे इंदूरने दाखविले आहे. तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो वायू निर्माण करण्याची आहे. त्याचे अर्धे यश यंत्रात आहे आणि अर्धे घराघरांत ओला व सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या नागरिकांत.

शेतकऱ्याचा पंप

सौर विजेची वेळ घरातील दिव्याशी जुळत नसली, तरी एका कामाशी ती नेमकी जुळते. ते काम म्हणजे शेतीचे सिंचन. शेतीपंपांना पाळीपाळीने वीज मिळते आणि अनेकदा ती पाळी रात्रीची असते. थंडीत, अंधारात, विंचूकाट्याच्या भयाने पाणी धरावयास जाणे शेतकऱ्याच्या नशिबी येते. पिकास रात्रीच पाणी हवे असते असे नाही. वीज रात्री मिळते म्हणून ते रात्री द्यावे लागते. २०१९ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कुसुम योजनेत सौर पंप बसविणे आणि शेतीच्या वाहिन्यांना सौर वीज पुरविणे, या दोहोंचा समावेश आहे. पाच अश्वशक्तीचा पंप सहा तास चालला तर सुमारे २२ युनिटे लागतात, आणि ती दिवसाच्या उन्हातच मिळू शकतात. येथे बॅटरीची गरज नाही; पाण्याने भरलेली टाकी किंवा शेततळे हीच बॅटरी.

मात्र एक धोका सांगितला पाहिजे. ऊन फुकट आहे म्हणून विहिरीतील पाणीही फुकट आहे असे समजून पंप दिवसभर चालत राहिला, तर भूजल खाली जाईल. ऊर्जा अक्षय असली तरी पाणी अक्षय नाही. म्हणून सौर पंपासोबत ठिबक सिंचन आणि पीकपद्धतीचा विचार हवाच.

शाळेत आणि ग्रामसभेत

शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून एक सोपा पाठ करून घ्यावा. प्रत्येकाने घरच्या मीटरवरील आकडा सकाळी एकदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा लिहून आणावा. वजाबाकी केली की दिवसाची युनिटे निघतील. मग घरातील उपकरणांची यादी करावी. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि नव्या रचनेचा काटकसरी पंखा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास चालल्यास एका पंख्यामागे अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक बचत होते. आठ पंखे बदलले की रोज चार युनिटे वाचतात. एक किलोवॅटचा सौर संचही रोज तेवढीच वीज देतो. वाचविलेल्या युनिटास जमीन लागत नाही, तार लागत नाही आणि ते रात्रीही वाचते.

घरावर संच बसवू इच्छिणाऱ्यांनी २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्य घर योजनेची माहिती वीज कार्यालयातून घ्यावी. या योजनेत ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. संच घेताना पॅनेल पुसण्याची सोय, छपराची मजबुती, दक्षिणेकडील सावली आणि दुरुस्तीची हमी या चार गोष्टी आधी पाहाव्यात. पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षांचे असते. त्यानंतर त्याची विल्हेवाट कशी लावावयाची, हेही योजनेतच ठरले पाहिजे. शिवाय जगातील पॅनेलनिर्मितीच्या बहुतेक टप्प्यांत चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला आहे. तेलासाठी एका प्रदेशावर विसंबणे जसे १९७३ साली महागात पडले, तसे पॅनेलसाठी एका देशावर विसंबणेही धोक्याचे ठरू शकते. म्हणून देशात कारखाने उभारण्यावर भर दिला जात आहे.

गावाच्या शिवारात सौर किंवा पवन प्रकल्प येणार असेल, तर ग्रामसभेने पुढील प्रश्न विचारावेत. जमीन विकावयाची की भाड्याने द्यावयाची? भाडेवाढीची अट करारात लिहिली आहे काय? भूमिहीन मजुरांना काम किती व किती वर्षे मिळेल? गायरान व पाणवठ्याची वाट खुली राहील काय? गावास त्या विजेतून काय मिळेल? मुदत संपल्यावर खांब व पाया काढून जमीन पूर्ववत कोण करून देईल? हे प्रश्न विकासाच्या आड येणारे नाहीत. ज्या प्रकल्पाजवळ यांची सरळ उत्तरे असतील, तोच पंचवीस वर्षे तंट्यावाचून चालेल.

कोळसा, तेल व वायू यांची सद्दी एका दिवसात संपणार नाही, आणि सूर्य व वारा हे एकट्याने सर्व भार उचलतील असेही नाही. जलविद्युत, भूऔष्णिक ऊर्जा, जैविक वायू, साठवण, तारांचे जाळे आणि काटकसर या सर्वांची सांगड घालूनच हा गाडा पुढे न्यावयाचा आहे. सूर्य सर्वांच्या अंगणात सारखाच उतरतो. त्याच्यापासून मिळणारी वीज मात्र आपोआप सर्वांच्या घरी उतरत नाही. ते काम शासनाचे, अभियंत्यांचे, शिक्षकांचे आणि हिशेब विचारणाऱ्या जागरूक गावाचे आहे.